बेटाला व्हिसा लागत नाय

छावणीतल्या पासपोर्ट ऑफिसात आईनं काउंटरवर दुसऱ्याच बाईचं नाव सांगितलं. मी तिच्या बाजूला फाईल मांडीवर घेऊन बसले होते. आधार, पॅन, लाईटबिल, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स क्रमानं लावलेल्या, आणि आतल्या आत आपण लई हुशार असं वाटत होतं. माझं काम आधीच झालं होतं. आईला बारीक अक्षर वाचता येत नाय म्हणून साहेबानं मला थांबू दिलं होतं. त्यानं मान वर न करता विचारलं, "ताई, लग्नाआधीचं पूर्ण नाव?" त्याला आडनाव पायजे होतं, कुणालाही कळलं असतं. आई खुर्चीत सरळ झाली, हजेरीला उभं राहतात तसा पदर नीट केला आणि म्हणली, "दगडाबाई कडूबा ठोंबरे." साहेबाचा हात थांबला. त्यानं स्क्रीन बघितली, आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "इथं तर रत्नमाला आहे. आणि आणखी कोणत्या नावानं ओळखल्या जाता का, तिथं 'नाही' लिहिलंय." ते 'नाही' माझं होतं. गॅस एजन्सीच्या रांगेत उभं राहून मोबाईलवर फॉर्म भरला होता मी. असल्या रकान्यांत सगळे 'नाही'च टाकतात. तुमच्यावर खटला आहे का, नाही. तुम्ही दुसऱ्या देशाचे आहात का, नाही. त्याच झपाट्यात आईचं एक नाव मी अंगठ्यानं पुसून टाकलं होतं, आणि मला ते नाव आहे हेच ठाऊक नव्हतं.

छावणीपासून गारखेड्यापर्यंत रिक्षात मी तिच्याकडं बघत होते. अठरा वर्षं त्या तोंडाकडं बघतेय, पण असं नाय. हनुवटीवर गोंदण आहे, तीन ठिपके. ते कुणी गोंदलं, कधी गोंदलं, कधी विचारलं नाय. आईला आपण आई म्हणतो, पप्पा 'अगं' म्हणतात, मामाच्या गावी सगळे 'बाई' म्हणतात, शेजारचे 'सोनियाची आई'. रत्नमाला हे नाव मी फक्त कागदावर बघितलेलं. आता वाटायला लागलं, तेही तिचं नसंल. "मला सांगितलं का नाय कधी?" मी विचारलं. "तू विचारलं का?" ती बाहेर बघत म्हणली. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो होतो, पाट्यांवर शहराचं नाव नवीन, रिक्षावाल्याच्या तोंडात जुनं. फॉर्म भरताना मला गावाचं नावसुद्धा दोनदा शोधावं लागलं होतं, आधी जुन्यात मग नव्यात. शहराचं चालून जातं. आईचं नाय चाललं. साहेबानं फाईलवर चिठ्ठी लावली होती: नावाचं प्रतिज्ञापत्र आणा, पेपरातली जाहिरात आणा, मग पुढं. माझ्या फाईलला चिठ्ठी नव्हती.

सोनिया, माझी बहीण, डोमिनिकाला राहते. हे कुणाला सांगितलं की आधी वेस्ट इंडीज म्हणावं लागतं, मग क्रिकेटचं बोलून झालं की लहान बेट आहे म्हणावं लागतं. आपल्या गारखेड्यात आणि आजूबाजूच्या कॉलन्यांत मिळून राहत असतील तेवढी माणसं आख्ख्या देशात. सार्थकदाजी तिथल्या एका हॉटेलात शेफ आहेत, सोनिया दवाखान्यात नर्स. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कुणी ठरवायची गोष्टच नाय, दिवाळीची तारीख जशी कुणी ठरवत नाय. ती सहाव्या महिन्यात यायची होती. पण वार, ती प्लॅसेंटा म्हणतात ती, खाली आहे म्हणून डॉक्टरनं विमान बंद केलं. सार्थकदाजींची आई वारलेली. मग पप्पा म्हणले, "ती येऊ शकत नाय ना, मग माहेर तिकडं जाईल." एवढंच म्हणले आणि स्कूलव्हॅन घेऊन शाळेच्या फेरीला गेले. माहेर तिकडं न्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात मोबाईलवरचं सगळं माझ्याकडं येतं. दहावीनंतर मी शाळा सोडली, तेव्हा वाटलं होतं आता कुणी काय सांगणार नाय. उलट घरातलं जे काम कुणाचंच नसतं ते माझं झालं.

तेव्हापासून दीड महिना मी ते बेट अंगठ्यानं ओढतेय. पहिल्या दिवशी लई स्वस्त तिकीट सापडलं, मी नाचत पप्पांना दाखवलं, आणि सार्थकदाजींनी फोनवर शांतपणे सांगितलं की निशे, तो दुसरा देश आहे, डोमिनिकन रिपब्लिक, तिथून आमच्याकडं पोहत यावं लागंल. त्यावर सोनिया एवढी हसली की दाजी म्हणले हळू. खरं तिकीट म्हणजे मुंबई, लंडन, बार्बाडोस आणि मग एक पंख्याचं विमान, फोटोत एसटीच्या मिडीबसएवढं दिसतं. मंगळवारी स्वस्त, शनिवारी महाग. परतीचं आधी काढलं तर स्वस्त, पण परतीची तारीख बाळाच्या हातात. लंडनला चौदा तास बसून राहिलं तर अजून स्वस्त. आईला मी विचारलं, "चौदा तास खुर्चीत बसशील?" ती म्हणली, "मी खुर्चीत कधी बसते?" आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे त्या बेटाला आपल्याला व्हिसा लागत नाय. बार्बाडोसलाही नाय. ते म्हणतात या, सहा महिने राहा. व्हिसा लागतो तो मधल्या लंडनला, जिथं आपल्याला जायचंच नाय, नुसतं एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचंय. ज्याच्या घरी जायचं तो दार उघडं ठेवून बसलाय आणि रस्त्यातला माणूस विचारतो, कुठं चाललात. मी हे आईला समजावलं तेव्हा ती मेथ्या भाजत होती. "लोकच तसे," म्हणली. तिला नवल वाटलं नाय. तिला कशाचंच नवल वाटत नाय, ते बघून मला थकायला होतं.

सामान तेवीस किलोपर्यंत चालतं. डिंकाचे लाडू, खसखस, बाळंतशेपा, ओवा, सुंठ, मऊ साड्यांच्या दुपट्यांचा गठ्ठा. बी-बियाणं विमानतळावर काढून घेतात असं सोनिया म्हणली, तर आईनं अळीव भाजून लाडवातच घातले. "आता काढा म्हणावं." नाक्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर आम्ही पिशवी तोलली, एकवीस किलो सहाशे. किराणावाला म्हणला, "एवढं कुठं? वाळूजला रूम घेतली का?" आई म्हणली, "लेकीकडं." जणू लेक तासाभरावरच्या लासूर स्टेशनला दिलीय. त्या दिवशी मी तिला खुश बघितलं. नीट बघितलं, कारण ती खुश असली की बोलत नाय, हात जोरात चालतात. एवढी वर्षं आमच्या घरात एकच जण कुठं गेली, ती सोनिया. तिच्यामागं आई फक्त मुंबईच्या विमानतळापर्यंत गेली होती, काचेपर्यंत.

प्रतिज्ञापत्रासाठी आम्ही अदालत रोडला गेलो. कोर्टाबाहेर टायपिस्ट लोक छत्र्या लावून बसतात. आमचा टायपिस्ट जाड होता, लॅपटॉपवर धूळ, पण बोटं अशी चालत होती जशी काय ती त्याची नाहीतच. "नाव बदल? लग्नानंतर? रोजचे दहा," म्हणला, "फॉर्मॅट रेडी है." पाच मिनिटांत कागद हातात. खालच्या रेघेवर पेनाची खूण. "इथं सही करा मावशी." आई चौथी शिकलेली आहे, तिला वाचता येतं, फक्त सावकाश. तिनं कागद मांडीवर घेतला आणि बोट लावून वाचायला लागली. मागं तीन जण उभे. टायपिस्ट माझ्याकडं बघून भुवया उडवत होता. मला तिच्या त्या बोटाची लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा राग येत होता, आणि तो राग मी नेहमीसारखा तिच्यावरच काढणार होते, तेवढ्यात बोट थांबलं. कागदावर होतं: 'माझे पूर्वीचे दगडाबाई हे नाव मी कायमचे सोडून दिले असून यापुढे त्या नावाशी माझा कोणताही संबंध राहणार नाही.' ती तेवढं परत वाचत गेली. मग पेन टायपिस्टच्या टेबलावर ठेवलं, सरळ, लॅपटॉपला समांतर. "हे मी नाय लिहून देणार."

"आई, फॉर्मॅट आहे नुसता."

"असंल."

"कागद आहे गं. कोण वाचतंय?"

"मी वाचलं ना."

"मंगळवारचं तिकीट जाईल. तुला कळतंय का काय चाललंय?" माझा आवाज चढला, लोक बघायला लागले. टायपिस्ट म्हणला, "बेटा, घरपे बात करो, इधर लाईन है."

आम्ही भिंतीला टेकून उभं राहिलो. आईनं उसाच्या रसाच्या गाड्यावरून एकच ग्लास घेतला आणि माझ्या हातात दिला. मी प्यायले, कारण भांडताना मला तहान लागते हे तिला माहीत आहे. मग ती बोलली, रस्त्याकडं बघत, जसं काय कुणाचं तरी ऐकलेलं सांगतेय. तिच्याआधी तीन लेकरं गेली. चौथी ती. जन्मली त्याच दिवशी तिच्या आईनं तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. शेजारच्या बाईनं उचललं आणि मूठभर ज्वारी घेऊन परत दिलं. म्हणजे आता ही आमची नाय, विकत आणलेली, टाकाऊ. नाव दगडाबाई. मरणानं दारात यावं, नाव ऐकावं आणि म्हणावं, दगड काय न्यायचा. "तुझ्या आजोबाचं कडूबा नाव तसंच पडलेलं," ती म्हणली. "आमच्यात नावावरच जगलीत माणसं." मग लग्न. इकडच्या आजीला दगड घरात नको होता. ताटात तांदूळ पसरले, पप्पांनी अंगठीनं त्यात रत्नमाला लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. तेव्हा तिच्या आईनं ओटी भरताना कानात सांगितलं, नाव वरून बदललंय, आतून बदलू नको, ते तुझ्या लेकरांपर्यंत पुरंल. "सोनियाच्या वेळेस दीड दिवस लागला. तुझ्या वेळेस तर नाळ गळ्यात होती. नर्स विचारायची, नाव काय, नाव काय. मी रत्नमाला सांगायचे, आणि आत दुसरं घेत राहायचे. आता ती तिकडं अडकलीय, वार खाली घेऊन. आणि मी लिहून देऊ, माझा संबंध नाय?" तिनं ग्लास माझ्या हातातून घेऊन गाड्यावर ठेवला. "बाळंतीण सुखरूप उठू दे. मग दहा सह्या करते."

मी म्हणाले असते की हे सगळं खोटं आहे. म्हणालेच, घरी आल्यावर, ताट आपटून. पण त्यात दम नव्हता. मी ज्या बाईशी भांडत होते तिला मी तीन दिवसांपूर्वी पहिल्यांदा भेटले होते. दुसरा कागद केला, 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत', तो घेऊन परत छावणीला गेलो, त्यात बारा दिवस गेले. साहेब चांगला माणूस, त्यानं पाणी विचारलं. म्हणला, "ताई, पुस्तकात एकच नाव बसतं. कोणतं ठेवता ते लिहून द्या, दुसरं सोडल्याचं लिहून द्या. आजच पाठवतो." आई म्हणली, "पुढच्या महिन्यात देते." साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी खाली फरशीकडं बघितलं. पुढच्या महिन्यापर्यंत तर तिकडं बाळंतपण होऊन जाणार होतं. तोपर्यंत माझा पासपोर्ट पोस्टानं घरी आला होता. निळं, कोरं, नव्या चपलेसारखा वास येणारं पुस्तक. आईनं ते देवाजवळ ठेवलं. माझ्या पासपोर्टचं कुणाला काय काम नव्हतं खरं तर. पप्पा म्हणले होते, सोबत म्हणून तू पण काढून ठेव, जमलं तर जमलं.

पप्पा एक दिवस दुपारच्या फेरीच्या आधी घरी आले. आई गच्चीवर कपडे काढायला गेलती. त्यांनी पहिला कागद, तो कायमचे-सोडूनवाला, टीव्हीखालच्या कप्प्यातून काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "तुला येते ना तिची सही." आठवीत मी वहीवर आईच्या सह्या करायचे, मॅडमनं पकडल्यावर पप्पांनीच मला मारलेलं. आता तेच पेन पुढं करत होते. ते रागात नव्हते. डोळे लाल, पहाटेपासून व्हॅनवर. "तिला सांगू काम झालं म्हणून. ती मुंबईला विमानात बसली की बस. पोरगी तिथं एकटी आहे, निशे. तुझी आई देवधर्मात पडलीय, आपण दोघं शहाणे आहोत ना." खाली व्हॅनमधली पोरं हॉर्न वाजवत होती. ते गेले.

मी रद्दी पेपरावर सही करून बघितली. रत्नमाला सा. गायके. 'र'ची शेपटी आई लांब ओढते, 'ला'चा काना वाकडा. पहिल्याच झटक्यात अशी जमली की मलाच कसंतरी झालं. मग कागद समोर घेतला. रेघ होती, खूण होती. मी असलं काय मानत नाय. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला हाड करते. पण मी पेन टेकवलं आणि ते पुढं जाईना. मला दिसत होतं, एक बाई सूप ठेवून तोंड फिरवून उभी आहे. तिला मागं बघायचं नाय. मागून लेकरू रडतंय आणि ती मोजतेय, किती वेळ झाला, पुरेसा झाला का. तिला पण कळत असंल ना, मरणाला काय एवढं फसवता येतं. तरी उभी राहिली. आणि जर मी सही केली, आई गेली, आणि तिथं काय झालंच, काहीही, वार खाली आहेच, दवाखाना लहान आहेच, तर आईला कधीच कळणार नाय. मला कळंल. रोज. गारखेड्यात भाजी घेताना कळंल. मी पेनाला टोपण लावलं. रद्दीवरची सही बारीक फाडून मोरीत टाकली आणि कागद परत कप्प्यात, होता तसा. आई खाली आली, तिच्या हातात कपड्यांचा ढीग, ढिगावरून तिनं माझ्याकडं बघितलं, टेबलावरच्या पेनाकडं बघितलं. "जेवली का?" म्हणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन लावला. तिथं तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे दहा असतात, सोनिया नेहमी कालमध्ये असते. ती पलंगावर उशांना टेकलेली, तोंड सुजलेलं, दाजी मागं कांदा चिरत होते. आईनं फोन हातात धरला आणि पदरानं काच पुसत बसली. मग मीच सांगितलं. नाव, कागद, तारीख, सगळं. भांडणातलं सांगितलं नाय. सोनिया नर्स आहे, मला वाटलं ती चिडंल, म्हणंल हा काय अडाणीपणा. तिनं आईकडं बघितलं, बराच वेळ, नेट अडकलंय असं वाटेपर्यंत. "बरं," म्हणली. "आई, तू सही करू नको." मग तिचं तोंड एकदम लहान झालं, मला अंगणवाडीत सोडून जाताना व्हायचं तसं. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असंल. "पण कुणीतरी या ना," ती म्हणली. "मला लई भीती वाटतेय." दाजींची सुरी थांबली. आईनं फोन माझ्याकडं वळवला.

त्याच दिवशी मी लंडनच्या कागदाची अपॉइंटमेंट घेतली, एकटीची. तिकिटाच्या पानावर प्रवासी दोनचा एक केला तर किंमत निम्मी झाली, आणि एवढे दिवस मी जिच्यासाठी पैसा-पैसा तोडत होते ती पानावरून गेली. पप्पा संध्याकाळी म्हणले, "हिला चहा टाकायला सांगितला तर कप फोडते. हिला पाठवता?" आई म्हणली, "कप फोडते. लेकरू नाय फोडणार." कप्प्यातला कागद पप्पांनी काढून बघितला असावा, कारण दुसऱ्या दिवशी तो उलटा ठेवलेला होता.

रविवारी दुपारी आईनं हॉलमधला टेबल भिंतीला सारला, जुनी सतरंजी टाकली, वाटीत तिळाचं तेल कोमट करून आणलं. "झोप," म्हणली. मी म्हणाले, "मी काय बाळंतीण आहे?" "आधी अंगाला कळू दे, मग हाताला येतं. झोप पालथी." मी चिडले, उगाच, कुणीतरी चिडायला पायजे म्हणून. मग झोपले. तिनं पोटरीवर हात ठेवला आणि मला आठवेना, शेवटचा कधी ठेवला होता. हात खरखरीत, वजन पूर्ण. खालून वर, कायम खालून वर, ती सांगत होती. कंबरेला अंगठे नाय, तळवा. पोटाला सातव्या दिवसानंतर, तेही विचारून, टाके असतील तर नाय. छातीला ती स्वतः लावंल, तू फक्त फडकं गरम करून द्यायचं. ती रडंल तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कारण नसताना. तेव्हा कारण विचारायचं नाय. भांडली तर उलट बोलायचं नाय. लेकराला पायावर घेताना मान डाव्या हातात. एवढं ती एरवी वर्षभरात बोलत नाय. बाहेर भंगारवाल्याचा भोंगा चालला होता, पंखा गरम हवा फिरवत होता, आणि मला एवढं थकायला झालं होतं की डोळे उघडावेत असं वाटेना. मी पार्लरचं काम नऊ दिवसांत सोडलं. मोबाईलच्या दुकानात तीन आठवडे, मालक एक शब्द बोलला आणि मी चावी त्याच्या काउंटरवर फेकून आले. शाळेचं सगळ्यांना माहीतच आहे.

"किती दिवस असतं हे सगळं?" मी सतरंजीत तोंड ठेवूनच विचारलं.

"सव्वा महिना."

आईचे हात थांबले नाय. थोड्या वेळानं तिनं मला सरळ केलं, वाटी माझ्या हातात दिली, स्वतः पाय पसरून समोर बसली आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी होत्या, मी कधी बघितल्या नव्हत्या.

"हं," म्हणली. "लाव आता. मी सांगते कुठं चुकतं ते."